बाळंतपण आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: व्यायाम, उपचार आणि डॉक्टरांकडे कधी जावे

शिंक आली की लघवीचे दोन थेंब निसटतात. बाळाला उचलून घेताना खाली जड वाटते. टाके भरून कित्येक महिने झाले तरी संबंधाच्या वेळी दुखते. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर असे काही होत असेल तर घरात बहुधा एकच उत्तर मिळते, "बाळंतपणानंतर असं चालायचंच."

हे उत्तर अर्धेच खरे आहे. त्रास सर्रास होतो, हे खरे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत साधारण तीनपैकी एका स्त्रीला लघवी निसटण्याचा त्रास होतो. पण सर्रास होतो म्हणून तो सोसायचा असतो, असे नाही. त्यावर उपचार आहेत आणि पहिला उपचार गोळी किंवा शस्त्रक्रिया नसून नीट शिकून केलेला व्यायाम हा आहे.

थोडक्यात

• ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर गरोदरपणात ताण येतो आणि प्रसूतीत ते ताणले जातात.
• गरोदरपणातच व्यायाम सुरू केला तर पुढे लघवी निसटण्याची शक्यता कमी होते.
• व्यायाम बरोबर होतो आहे ना, हे एकदा तपासून घेणे महत्त्वाचे. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात.
• सिझेरियन झालेल्या स्त्रियांनाही या व्यायामाची गरज असते.
• दुखणे हा मुख्य त्रास असेल तर स्नायू आवळण्याआधी ढिले सोडायला शिकावे लागते.

हे स्नायू कुठे असतात?

ओटीपोटाच्या खालच्या टोकाला पुढे हाताला लागणारे हाड आणि मागचे माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंचा एक झोळीसारखा थर असतो. इंग्रजीतला 'पेल्विक फ्लोअर' तो हाच. मूत्राशय, गर्भाशय (पिशवी) आणि गुदाशय या झोळीवर विसावलेले असतात. लघवीचा मार्ग, योनीमार्ग आणि शौचाचा मार्ग हे तीनही या थरातून बाहेर येतात.

या स्नायूंची कामे साधी पण अखंड चालणारी आहेत. वरच्या अवयवांना आधार देणे, लघवी, वारा आणि शौच योग्य वेळेपर्यंत रोखून धरणे आणि वेळ आली की ढिले होऊन वाट देणे. शरीरसंबंधातही त्यांचा वाटा असतो. खोकला किंवा शिंक आली की पोटातला दाब एकदम वाढतो आणि त्याच क्षणी हे स्नायू आपोआप आवळले जातात. ते उशिरा किंवा कमी जोराने आवळले गेले की लघवी निसटते.

गरोदरपणात आणि प्रसूतीत काय होते?

नऊ महिने वाढत्या गर्भाचे वजन या झोळीवर पडत असते. संप्रेरकांमुळे सांधे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पेशी सैल होतात. त्यात बद्धकोष्ठता झाली की रोज कुंथण्याचा ताण वाढतो.

योनीमार्गे प्रसूती होताना बाळाचे डोके बाहेर येते त्या वेळी या स्नायूंचा काही भाग मूळ लांबीच्या सुमारे तिप्पट ताणला जातो. बहुतेक स्त्रियांचे स्नायू त्यातून सावरतात. पहिले बाळंतपण, जास्त वजनाचे बाळ, लांबलेली प्रसूती किंवा चिमटा लावून झालेली प्रसूती असेल तर इजा होण्याची शक्यता वाढते. कधी योनीमार्गाजवळची फाट गुदद्वार आवळणाऱ्या स्नायूपर्यंत जाते. अशा फाटीला तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीची फाट म्हणतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर तशी नोंद असेल तर ते कार्ड जपून ठेवा आणि पुढे प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

सिझेरियनमध्ये ही ताण-फाट बहुतांशी टळते. पण गरोदरपणाचा भार तर पडलेलाच असतो. म्हणून सिझेरियननंतरही लघवी निसटू शकते.

कोणती लक्षणे दिसतात?

• खोकताना, शिंकताना, हसताना किंवा वजन उचलताना लघवी निसटणे
• लघवीची घाई लागणे आणि बाथरूमपर्यंत पोहोचण्याआधीच थेंब येणे
• वारा किंवा पातळ शौच रोखता न येणे
• खाली जड वाटणे, योनीत काहीतरी आल्यासारखे वाटणे, अंग बाहेर येणे (दिवसभर उभे राहिल्यावर हे वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते)
• लघवी किंवा शौच पूर्ण न झाल्यासारखे वाटणे
• संबंधाच्या वेळी, बसताना किंवा टाक्यांच्या जागी दुखत राहणे

शौच किंवा वारा निसटण्याबद्दल बोलायला सर्वांत जास्त संकोच वाटतो. पण यावर लवकर उपचार होणे फार गरजेचे असते. तुम्हाला एवढेच लक्षण असले तरी डॉक्टरांना जरूर सांगा.

नेमका स्नायू कसा ओळखायचा?

१९४८ साली आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने या व्यायामाबद्दल लिहिले. त्यांच्या नावावरून तो 'केगल' म्हणून ओळखला जातो. ऐकायला सोपा असला तरी नुसते सांगून किंवा व्हिडिओ पाहून तो बऱ्याच जणींना बरोबर जमत नाही. पोट, मांड्या किंवा नितंब आवळले जातात आणि मुख्य स्नायू तसाच राहतो.

असे करून पाहा:

१. कुशीवर किंवा पाठीवर गुडघे वाकवून निवांत पडा. श्वास नेहमीसारखा चालू द्या.
२. चारचौघांत वारा सरणार आहे आणि तो रोखायचा आहे अशी कल्पना करून गुदद्वार आत ओढा.
३. तीच ओढ पुढे योनीमार्ग आणि लघवीच्या जागेपर्यंत आणा. आत आणि वर उचलल्यासारखे जाणवले पाहिजे.
४. आता पूर्ण सोडा. सोडल्याची जाणीवही स्पष्ट झाली पाहिजे.

पोटावर एक हात ठेवा. नाभीखालचे पोट किंचित आत गेले तर चालते. पण पोट फुगत असेल, श्वास कोंडला जात असेल किंवा खाली जोर लागत असेल तर पद्धत चुकते आहे. खाली जोर लावल्याने त्रास वाढतो.

लघवीची धार मध्येच थांबवून पाहण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याचा रोजचा व्यायाम करू नका. मूत्राशय नीट रिकामे होत नाही आणि लघवी करण्याची सवय बिघडते.

रोजचा व्यायाम

सुरुवात तुम्हाला जमेल तेवढ्यापासून करा. तीन सेकंदच धरता येत असेल तर तीन सेकंद.

• सावकाश: स्नायू आवळा, ३ ते ५ सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. असे ८ ते १० वेळा. काही आठवड्यांत धरण्याचा वेळ १० सेकंदांपर्यंत वाढवा.
• झटपट: एकदम आवळा आणि लगेच सोडा. असे ८ ते १० वेळा.
• हा संच दिवसातून तीन वेळा करा.

आधी आडवे पडून, जमू लागले की बसून आणि मग उभ्याने करा. वेळ लक्षात राहत नसेल तर रोजच्या कामाशी जोडा. सकाळी दात घासल्यावर, दुपारी बाळाला पाजताना, रात्री पाठ टेकल्यावर.

एक युक्ती लगेच शिकून घ्या. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले, बाळाला किंवा पाण्याची बादली उचलायची असली, की आधी स्नायू आवळा आणि मग ती क्रिया करा. उचलताना तोंडाने श्वास सोडा. काही दिवस मुद्दाम करावे लागते, नंतर सवय होते.

सहा-आठ आठवड्यांत थोडा फरक जाणवू लागतो. पण किमान तीन महिने नियमाने केल्याशिवाय "उपयोग नाही" असे ठरवू नका. बरे वाटल्यावरही व्यायाम पूर्ण बंद करू नका. दिवसातून एकदा तरी चालू ठेवा.

गरोदरपणात काय करावे?

गरोदरपण सुरळीत असेल तर हा व्यायाम पहिल्या तिमाहीपासून करता येतो. आधीपासून त्रास नसलेल्या स्त्रियांनी गरोदरपणात तो नियमाने केला तर शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर लघवी निसटण्याचे प्रमाण कमी राहते. स्नायू घट्ट झाले तर प्रसूती अडेल, ही भीती अनाठायी आहे. सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे आणि प्रसूतीत तो कामाला येतो.

पोट मोठे झाल्यावर बराच वेळ पाठीवर झोपून व्यायाम करू नका. कुशीवर किंवा बसून करा. योनीतून रक्त जात असेल, वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा वेळेआधी कळा आल्या असतील तर आपल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारूनच कोणताही व्यायाम करा.

पहिलेच बाळंतपण असेल तर साधारण ३५व्या आठवड्यापासून योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेची हलकी मालीश करता येते. त्यामुळे फाटण्याचे आणि टाक्यांचे प्रमाण काहीसे कमी होते. ही पद्धत डॉक्टर किंवा नर्सकडून समजून घ्या. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा पाणी गेलेले असेल तर करू नका.

गरोदरपणात खालून पाण्यासारखे काही गेले तर ती लघवीच असेल असे गृहीत धरू नका. गर्भजल असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या.

बाळंतपणानंतर कधी सुरू करावे?

पहिले काही दिवस: नळी लावली असेल तर ती काढल्यावर आणि लघवी नीट होऊ लागल्यावर हलकेच आवळून सोडायला सुरुवात करा. टाके असले तरी हलक्या व्यायामाने ते उसवत नाहीत. दुखले तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी कमी जोराने करा. सिझेरियन असेल तर खोकताना पोटावर उशी धरा.

सहा आठवड्यांपर्यंत: थोडे थोडे चालणे, दीर्घ श्वास आणि वरचा व्यायाम. बाळापेक्षा जड वजन उचलू नका. भरलेला हंडा, गॅसचे सिलिंडर, ओल्या कपड्यांची बादली दुसऱ्या कोणीतरी उचलावी.

सहा आठवड्यांची तपासणी: ही बाळाच्या लसीबरोबर उरकून टाकू नका. स्वतःची तपासणीही करून घ्या आणि लघवी, शौच, दुखणे आणि अंग बाहेर येणे या चारही गोष्टी स्पष्ट सांगा. आशाताई घरी येतात त्या भेटी ४२ दिवसांपर्यंत चालतात. त्यांनाही सांगता येईल.

तीन महिन्यांनंतर: त्रास नसेल तर धावणे, दोरीवरच्या उड्या, जिम असे जोराचे व्यायाम हळूहळू सुरू करा. त्या वेळी लघवी निसटली किंवा खाली जड वाटले तर शरीर अजून तयार नाही असे समजा. व्यायाम कमी करून सल्ला घ्या.

तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीची फाट झाली असेल तर शौच मऊ ठेवण्याचे औषध डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस घ्या आणि त्रास नसला तरी फिजिओथेरपिस्टना दाखवा.

बाळंतिणीच्या घरगुती पद्धती

सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्याकडची चांगली रीत आहे. स्नायूंना सावरायला तो वेळ लागतोच. पण विश्रांती म्हणजे दिवसभर अंथरुणात नव्हे. थोडे चालल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो.

पोट करकचून बांधू नका. घट्ट पट्ट्याने पोटातला दाब खाली ढकलला जातो. सिझेरियननंतर आधार वाटावा म्हणून सैलसर पट्टा काही दिवस चालतो, मात्र त्याने स्नायू बळकट होत नाहीत.

पाणी कमी देऊ नका. "पाण्याने पोट सुटतं" या समजुतीने बाळंतिणीला मोजून पाणी दिले जाते आणि मग शौच खडा होतो. डिंकाचे, अळिवाचे लाडू जरूर खा, पण त्यासोबत भाजी, फळे, डाळी आणि भरपूर पाणी हवे. शौचाला कुंथू नका. कमोड वापरत असाल तर पायाखाली छोटे स्टूल ठेवा. त्याने शौच सोपे होते.

मालीश हात, पाय आणि पाठीला करावी. पोटावर जोर देऊन रगडणे आणि 'पिशवी वर सरकवणे' टाळा. शेक-शेगडी टाक्यांच्या जवळ नेऊ नका. तिथली त्वचा भाजते आणि धुराचा बाळाला त्रास होतो.

फिजिओथेरपिस्ट काय करतात?

पहिल्या भेटीत तुमचे बाळंतपण, लघवी-शौचाच्या सवयी आणि रोजची कामे विचारली जातात. पाठ, पोट आणि श्वासाची पद्धत पाहिली जाते. पोटाच्या मधल्या स्नायूंत फट राहिली आहे का, तेही तपासतात. गरज असेल तर हातमोजा घालून एका बोटाने योनीतून तपासणी करतात, कारण स्नायू बरोबर आवळला आणि सोडला जातो का हे त्यातून नेमके कळते. ही तपासणी तुमच्या संमतीनेच होते. स्त्री फिजिओथेरपिस्ट हवी असे सांगण्याचा, सोबत कोणाला तरी बसवण्याचा आणि नको म्हणण्याचाही तुम्हाला हक्क आहे.

त्यानंतर तुमच्यापुरता व्यायाम ठरतो. काही जणींना बायोफीडबॅक यंत्र उपयोगी पडते. स्नायू किती आवळला ते पडद्यावर दिसते. स्नायू अजिबात आवळता येत नसेल तर सौम्य विद्युत उत्तेजन देतात, पण ते गरोदरपणात देत नाहीत. घाईची लघवी असेल तर दोन लघव्यांमधले अंतर हळूहळू वाढवायला शिकवतात.

जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालये यांत फिजिओथेरपी विभाग असतो. तिथे "बाळंतपणानंतरच्या लघवीच्या त्रासासाठी" असे स्पष्ट सांगून विचारा. गुडघे-पाठीचे काम करणारे सगळेच हे काम करत नाहीत.

सगळ्यांनाच आवळण्याचा व्यायाम लागू पडतो का?

नाही. काही स्त्रियांचे स्नायू सैल नसतात, उलट सतत ताठरलेले असतात. टाक्यांचे दुखणे, अवघड प्रसूतीची भीती किंवा जुनी बद्धकोष्ठता यांमुळे असे होते. संबंध दुखतो, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौच अडते. अशा वेळी केगल करत राहिले तर दुखणे वाढते. त्यांना पोटाने श्वास घेणे, स्नायू ढिले सोडणे आणि टाक्यांच्या वणावर हलकी मालीश शिकवली जाते.

अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असल्याने योनीत कोरडेपणा येतो. त्यानेही संबंध दुखतो. पाण्यावर आधारित वंगण वापरता येते. त्याने भागले नाही तर डॉक्टर मलम देतात. शरीर आणि मन तयार होईपर्यंत थांबणे हा पूर्णपणे तुमचा निर्णय आहे. नवऱ्याने घाई करू नये.

व्यायामाने पुरेसा फरक पडला नाही तर?

आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना ते पाहतात. मधुमेह, जुना खोकला, वाढलेले वजन यांवर उपचार केले तरी लघवीचा त्रास कमी होतो. अंग बाहेर येत असेल तर योनीत बसवायची रिंग (पेसरी) मिळते. ती बसवल्यावर कामे करता येतात आणि हवी तेव्हा काढता येते. घाईच्या लघवीसाठी औषधे आहेत. अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रिया शेवटी आणि शक्यतो पुढचे मूल नको असल्याचे ठरल्यावर करतात. अंग थोडे खाली आले म्हणून पिशवी काढून टाकण्याची घाई करू नका. आधी दुसरे मत घ्या.

लगेच डॉक्टरांकडे जा

• प्रसूतीनंतर किंवा नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही
• लघवी दिवसरात्र आपोआप पाझरत आहे (फार अडलेल्या प्रसूतीनंतर मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेले असू शकते)
• योनीतून शौच किंवा वारा येतो आहे
• ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, टाके उसवणे किंवा पू
• तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव
• एका पोटरीत सूज आणि दुखणे, छातीत दुखणे, धाप लागणे
• मांड्यांमधल्या भागात बधिरपणा किंवा पायांत अशक्तपणा

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाळंतपण होऊन पाच वर्षे झाली. आता उपयोग होईल का?
होय. हे स्नायू कोणत्याही वयात बळकट करता येतात. वेळ थोडा जास्त लागू शकतो.

लघवी निसटते म्हणून पाणी कमी प्यावे का?
नको. लघवी दाट होते, जळजळते आणि घाई वाढते. चहा-कॉफी मात्र कमी करा.

पुढच्या वेळी सिझेरियनच करावे लागेल का?
सरसकट नाही. गुदद्वाराच्या स्नायूला इजा झाली असेल किंवा शौच रोखता येत नसेल तर पुढच्या गरोदरपणात सुरुवातीलाच प्रसूतितज्ज्ञांशी याबद्दल बोला.

डॉक्टरांना कसे सांगावे?

अनेक स्त्रिया सर्दी-तापासाठी किंवा बाळाला दाखवायला येतात आणि हा त्रास मनातच ठेवून परत जातात. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. "बाळंतपणानंतर खोकताना लघवी जाते. आठवड्यातून किती वेळा, केव्हापासून, पॅड लागतो की नाही." एवढ्या माहितीवर तुमचे फॅमिली डॉक्टर तपासणी सुरू करू शकतात आणि योग्य ठिकाणी पाठवू शकतात. दोन-तीन दिवस किती पाणी प्यायले, किती वेळा लघवी झाली आणि केव्हा निसटली हे वहीत लिहून आणले तर निदान आणखी सोपे होते.

घरच्यांनीही एक करावे. बाळंतिणीला "दूध पुरतं का?" असे विचारतो तसे "तुला लघवीचा, टाक्यांचा काही त्रास होतो का?" असेही विचारावे. दिवसातून तीनदा दहा मिनिटे बाळाला दुसऱ्या कोणी घेतले, तर तिचा व्यायाम होतो.